कळ कोणाच्या हाती?

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या बैठकीच्या खोल्यांत गेल्या काही वर्षांत एक नवे दैवत विराजमान झाले आहे. त्याचे नाव ‘होम थिएटर’. वेतनाची थकबाकी हाती पडली, अथवा बदलीच्या गावी जरा ऐसपैस क्वार्टर मिळाले, की या दैवताची प्रतिष्ठापना होते. भिंतीवर रुंद टेलिव्हिजन, पुढे तीन व मागे दोन असे पाच स्पीकर, कोपऱ्यात सब-वूफरचा पेटारा, आणि या सर्वांचा कारभार पाहणारा, पाठीवर खंडीभर भोके असलेला रिसीव्हर. आल्यागेल्या पाहुण्यांस हे वैभव अगत्याने दाखविण्यात येते. एखाद्या युद्धपटातील विमान त्यांच्या पाठीमागून उडवून पुढे आणण्यात येते. पाहुणे ‘वा!’ म्हणतात. मग यंत्र बंद होते आणि चहा येतो.

आमचा आक्षेप या वस्तूच्या किमतीवर नाही. ज्याने त्याने आपल्या पगारातून काय घ्यावे, हे सांगणारे आम्ही कोण? आम्ही स्वतः केंद्र सरकारच्या एका कचेरीत खर्डेघाशी करणारे. दुसऱ्याच्या खर्चास मंजुरी देण्याचा अधिकार आम्हांस कचेरीतही नाही, मग कचेरीबाहेर कोठून असणार? आमचा प्रश्न अगदी साधा आहे, आणि तो विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. या घरात गाणे कोणाकोणाला लावता येते?

बहुतेक घरी या प्रश्नाचे उत्तर एकच मिळते. ते ‘साहेबां’ना लावता येते. टेलिव्हिजनचा रिमोट कोणता, सेट-टॉप बॉक्सचा कोणता आणि रिसीव्हरचा कोणता. कोणत्या क्रमाने ते दाबावयाचे. आवाज टेलिव्हिजनमधून येऊ लागल्यास तो पुन्हा रिसीव्हरकडे कसा वळवावयाचा. ‘एचडीएमआय एक’ म्हणजे काय आणि ‘दोन’ म्हणजे काय, हे सर्व ज्ञान एका मस्तकात साठविलेले असते. ते मस्तक सकाळी नऊच्या बसने कचेरीस जाते. त्याबरोबर त्याच्या खिशातला मोबाइलही जातो, आणि हल्ली सगळी गाणी मोबाइलमध्येच वसतीस असल्यामुळे घरचे गाणे त्या खिशात बसून कचेरीत जाते. मागे घरी राहते ती म्हातारी आई. तिला दुपारी एखादा अभंग ऐकावासा वाटतो. दुपारी शाळेतून परतणारे मूल राहते. कामाचे रगाडे उपसताना कानावर काही पडावे अशी इच्छा असणारी गृहिणी राहते. ही तिन्ही माणसे त्या पाच स्पीकरांच्या मधोमध संध्याकाळी सातपर्यंत मुकाट बसतात. यांत्रिक प्रगतीचा असा मौनव्रती परिणाम पाहिला म्हणजे हसावे की रडावे, हे कळत नाही.

सुज्ञ वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? परंतु आपल्यासारख्या घरापासून दूर पडलेल्या माणसांच्या बाबतीत ही गोष्ट एवढीशी नाही. पुण्यात, नागपुरात अथवा कोल्हापुरात मराठी भाषा न बोलावता खिडकीतून आत येते. भाजीवालीच्या आरोळीतून येते, शेजारच्या भांडणातून येते, देवळातल्या कीर्तनातून येते. दिल्लीत, गुवाहाटीत वा चेन्नईत ती अशी येत नाही. तेथे ती फक्त घरातच असते, आणि घरात ती दोनच मार्गांनी मुलांच्या कानी पडते: आपल्या बोलण्यातून आणि आपल्या ऐकण्यातून. बोलणे तर आपण आधीच अर्धेमुर्धे हिंदी-इंग्रजीच्या स्वाधीन केले आहे. राहता राहिले ऐकणे. शब्दांचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी त्यांचा नाद मुलांच्या अंगवळणी पडतो. आणि तो पडतो तो रविवारच्या तासाभराच्या समारंभपूर्वक श्रवणाने पडत नाही, रोजच्या येताजाता कानावर येणाऱ्या सुरांनी पडतो. ज्या घरातील यंत्र रोज येताजाता लावता येत नाही, त्या घरातला हा मार्ग बंद झाला म्हणून समजावे. म्हणून गाणे लावण्याची कळ कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आम्ही महत्त्वाचा मानतो.

यावर होम थिएटरच्या भक्तांचे पहिले उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, “साधे यंत्र वापरावयास सोपे खरे, पण आवाजाची प्रत? उत्तम आवाज हवा असेल तर गुंतागुंत पत्करलीच पाहिजे.” हे विधान वरवर पटण्यासारखे आहे. ते तपासून पाहू.

आपल्या देशात ध्वनिमुद्रणास १९०२ साली सुरुवात झाली. त्या वर्षी कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि तीन मिनिटांच्या सुमारास गाणे आटोपते घ्यावयाचे. विजेच्या साहाय्याने मुद्रण १९२५ पासून होऊ लागले आणि आवाज पुष्कळ सुधारला. १९३१ साली ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने दोन मार्गांनी ध्वनी नोंदून दोन स्पीकरांतून तो ऐकविण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला, आणि १९५८ च्या सुमारास अशा स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. ही सुधारणा खरी होती. माणसाला कान दोन आहेत. दोन स्पीकर नीट मांडले तर गायक समोर बसला आहे, तबला एका अंगास आणि पेटी दुसऱ्या अंगास आहे, असा भास निर्माण होतो. जुन्या घरघरत्या तबकड्यांची भलावण करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. एकाचे दोन झाले ते उत्तमच झाले.

परंतु दोनाचे चार होताच काय झाले? १९७० नंतरच्या काही वर्षांत परदेशी कंपन्यांनी चार स्पीकरांची ‘क्वाड्राफोनिक’ पद्धत आणली. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना, अशा निरनिराळ्या पद्धती एकाच वेळी बाजारात उतरल्या. आणि ते दशक संपण्यापूर्वी गिऱ्हाइकांनी त्या सर्वांना रजा दिली. पुढे १९९२ साली डॉल्बी डिजिटलच्या रूपाने पाच स्पीकर व एक वूफर यांचा ध्वनी चित्रगृहात आला, आणि २०१२ साली डॉल्बी ॲटमॉसने स्पीकर छतावरही चढविले. हे सर्व चित्रगृहासाठी झाले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. चित्रपटात पाऊस पडतो, गाड्या धावतात, शत्रू पाठीमागून येतो. तेथे मागच्या स्पीकरला काम आहे. पण आपल्या गाण्यात पाठीमागून कोण येते? बैठकीत गवई समोर बसतो. साथीदार त्याच्या अंगास बसतात. मागे तानपुरे, तेही गवयाच्या मागे. श्रोत्यांच्या मागे नव्हेत. संगीत नाटकात नट रंगमंचावर आणि ऑर्गन-तबला त्याच्या पायथ्याशी. श्रोत्यांच्या पाठीमागून जे येते ते उशिरा आलेल्या प्रेक्षकांची कुजबुज आणि लहान मुलांचे रडणे. ते घरी विकत आणण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

शिवाय आपल्या घरी वाजते काय, याचाही विचार व्हावा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांच्या तबकड्यांत ध्वनीचा मार्ग एकच आहे. बालगंधर्वांच्या गाजलेल्या तबकड्यांचीही तीच गोष्ट. मुळातच एक असलेला सूर पाच तोंडांनी वदविण्यात कोणता लाभ? पण रिसीव्हरवर ‘हॉल’, ‘स्टेडियम’ अशा नावांच्या सोयी असतात, आणि हौशी मालकाला त्या वापरल्यावाचून चैन पडत नाही. त्या सुरू केल्या की स्वरांत कृत्रिम प्रतिध्वनी मिसळतो, आणि खाँसाहेब क्रिकेटच्या मैदानात बसून गाऊ लागतात. याला प्रत सुधारणे म्हणावयाचे असेल, तर प्रत बिघडविणे कशास म्हणावे?

१ एप्रिल १९५५ या दिवशी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला. गदिमांची ५६ गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आणि वर्षभर चाललेला तो सोहळा. लोकांनी तो ऐकला तो एकाच स्पीकरच्या, व्हॉल्व्ह तापल्यावर बोलू लागणाऱ्या रेडिओवर. आणि मध्यम लहरींच्या त्या प्रक्षेपणात वरच्या सुरांचा बराच अंश वाटेत गळून जात असे. तरीही घरातली झाडून सारी माणसे त्या पेटीभोवती बसत. आज तीच गीते याहून कितीतरी स्वच्छ ऐकता येतात, आणि ती तशीच ऐकावीत. मात्र त्या पेटीला दोनच कळा होत्या, आवाजाची आणि केंद्र लावण्याची, आणि त्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांना फिरविता येत, ही गोष्ट त्या श्रवणाच्या यशातला अर्धा वाटा होती, हे विसरता कामा नये.

आता ज्या खोलीत हे यंत्र बसते, तिच्याकडे वळू. सरकारी क्वार्टरातील बैठकीची खोली बारा-चौदा फूट लांब. भिंती टणक गिलाव्याच्या, जमीन लादीची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. हिशेब केला तर चौदा फूट लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे ४० कंपनांचा खर्ज दोन भिंतींच्या मध्ये कोंडून घुमू लागतो. सब-वूफर नेमका याच खर्जासाठी निर्मिलेला असतो, आणि बहुतेक घरी तो कोपऱ्यात ठेवतात; कोपऱ्यात हे घुमणे सर्वांत अधिक. परिणामी डग्ग्याचा घुमार जाऊन नुसता धबधबा उरतो, आणि खालच्या मजल्यावरील शेजारी जिना चढून वर येतो. ज्या खोलीत एक सतरंजी, एक जाड पडदा आणि पुस्तकांचे एक कपाट ठेवले असता आवाजात स्पष्ट फरक पडेल, त्या खोलीत आपली माणसे सतरंजीऐवजी स्पीकर वाढवितात!

वॉटच्या आकड्यांविषयी तर बोलावयासच नको. १९९० नंतरच्या काळात आपल्या बाजारातील यंत्रांवर ‘पीएमपीओ’ या नावाखाली हजारो वॉट छापलेले असत. घरातील साध्या प्लगमधून २३० व्होल्ट दाबाने सहा अँपियर वीज घेता येते. म्हणजे १३८० वॉट. त्या प्लगला जोडलेले यंत्र सतत पाच हजार वॉट ध्वनी कोठून देणार? वस्तुस्थिती अशी की, साधारण स्पीकरला एक वॉट दिला तरी मीटरभर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल आवाज होतो, आणि घरगुती बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. आवाज दुप्पट भासावा म्हणून शक्ती दसपट करावी लागते. चौदा फुटी खोलीत बैठकीचे गाणे ऐकण्यास पंधरा-वीस खरे वॉट पुरून उरतात.

विरोधकांचे दुसरे उत्तर अधिक विचारार्ह आहे. ते म्हणतात, “गुंतागुंत तुम्ही टाळणार कशी? तुमचा साधा सीडी प्लेअरदेखील किती गुंतागुंतीचा आहे!” हे शंभर टक्के खरे आहे. १९८२ साली बाजारात आलेली कॉम्पॅक्ट डिस्क ध्वनीची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजदाद करते. दोन तोंडांच्या साध्या स्पीकरच्या पोटातही खर्ज मोठ्या तोंडाकडे व तार सूर लहान तोंडाकडे धाडणारे मंडल असते. आणि इंटरनेटच्या अफाट जंजाळामुळेच आज गुवाहाटीत बसून पुण्याची आकाशवाणी ऐकता येते. हे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु गुंतागुंत यंत्राच्या पोटात असणे निराळे आणि ती माणसाच्या माथी येणे निराळे. हा भेद आपल्याला नीट कळावयास हवा, कारण आपला धंदाच तो आहे. चांगल्या कचेरीत नियम, पोटनियम, हिशेबाची सदरे, टिपण्या यांचे जंगल आतल्या आत माजलेले असते. खिडकीशी आलेल्या निवृत्त माणसाला मात्र एका अर्जावर पेन्शन मिळते. वाईट कचेरी तेच जंगल खिडकीबाहेर आणते आणि त्या म्हाताऱ्याला पाच टेबले फिरावयास लावते. पाच चॅनेलचा रिसीव्हर हा या दुसऱ्या जातीचा बाबू आहे. सर्व अर्ज ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ आले पाहिजेत, हा त्याचा हट्ट. आणि आजीचा अभंगाचा अर्ज कोणत्याही चॅनेलने पुढे सरकत नाही.

या गुंतागुंतीची दोरी तर आता घराबाहेरच गेली आहे. सोनॉस ही घरगुती ध्वनियंत्रे करणारी एक नामांकित अमेरिकन कंपनी. २०२० च्या जानेवारीत तिने जाहीर केले की, मे महिन्यापासून आपल्या काही जुन्या यंत्रांना नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही. पुढे मे २०२४ मध्ये तिने नवे ॲप आणले, तेव्हा ठरावीक वेळाने यंत्र आपोआप बंद करण्यासारख्या जुन्या सोयीही त्यात सुरुवातीस नव्हत्या. गिऱ्हाइकांत एवढा संताप उसळला की कंपनीला क्षमा मागावी लागली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिच्या प्रमुखाने पद सोडले. स्पीकर तेच, घर तेच, गाणी तीच. पण सातासमुद्रापलीकडे कोणी एक आज्ञावली बदलली आणि लोकांच्या हातातली कळ निसटली. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम झेलणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हे प्रकरण अधिकच मनावर घ्यावे. दोन स्पीकर आणि एक ॲम्प्लिफायर तीन खोक्यांत मावतात, नव्या गावी पाऊण तासात बोलू लागतात, आणि बिघडलेच तर बाजारातला एखादा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ते उघडून पाहण्यास तयार होतो. पाच स्पीकरांच्या भेंडोळ्यातील वायर कोणती कोठली, हे नव्या क्वार्टरात ठरविता ठरविता पुढच्या बदलीची वेळ येते.

आमच्या बाजूने बोलतात म्हणून शुद्धतेच्या पंथातील मंडळींना मात्र आम्ही सोडून देणार नाही. हे लोक साधेपणाचाच जप करतात. पण त्यांचा साधेपणा लाखांच्या घरात जातो. मनगटाएवढी जाड वायर, काचेचे व्हॉल्व्ह, आणि ‘या यंत्राला कोणी हात लावू नये’ अशी घरात दवंडी! ज्याला हात लावावयाचा नाही ते यंत्र साधे कसे? तेथेही कळ एकाच हाती राहते. फक्त कळांची संख्या कमी असते. सोवळ्यातले गाणे आणि गुंतागुंतीतले गाणे, दोन्ही आजीला सारखीच दुर्मिळ.

२०१७ साली सारेगामा कंपनीने ‘कारवाँ’ नावाची एक पेटी बाजारात आणली. रूप जुन्या रेडिओचे, आत भरलेली ५,००० हिंदी गाणी, आणि दर्शनी भागावर फिरवावयाची कळ व काही बटणे. जाणकारांनी नाके मुरडली, पण घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांनी ती पेटी उचलून धरली. पुढे तिची मराठी आवृत्तीही निघाली. तिचा आवाज उत्तम आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या आईवडिलांना हवे आहे ते काय, हे त्या पेटीने जे सांगितले ते आपण समोरासमोर त्यांना कधी विचारलेच नव्हते.

तेव्हा आमची सूचना अशी. यंत्र घेताना दुकानदारास वॉट विचारू नयेत, स्पीकर किती तेही विचारू नये. घरातील सर्वांत वडील माणसास आणि सर्वांत धाकट्या मुलास बरोबर न्यावे, आणि एकदा दाखविल्यावर त्या दोघांना ते स्वतःहून लावता येते की नाही, एवढे पाहावे. दोन चांगले स्पीकर, आवाजाची एक कळ व गाणे कोठून यावे हे ठरविणारी दुसरी कळ असलेला एक ॲम्प्लिफायर, एक रेडिओ, आणि गाण्यांनी भरलेला एक पेन ड्राइव्ह, जो कोणाच्याही खिशात बसून कचेरीस जाणार नाही, एवढे साहित्य पुरे आहे. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. ते दोन आणि ऐकणारा तिसरा असा समभुज त्रिकोण साधावा. खाली सतरंजी घालावी. चित्रपटाची ज्यांना खरोखरी आवड आहे त्यांनी मागचे स्पीकर अवश्य लावावेत. संवाद स्पष्ट ऐकू येण्यास मधला स्पीकर उपयोगी पडतो, हेही आम्ही मान्य करतो. पण गाण्याची वाट त्या जंजाळातून नेऊ नये. ती वेगळी, मोकळी आणि सर्वांच्या पायाखालची असावी.

कोणी म्हणेल, मुले मोठी झाली की आपले आपण सारे शिकून घेतील. यंत्र चालविणे ती शिकतील, यात आम्हांस शंका नाही. आपल्यापेक्षा लवकर शिकतील. परंतु त्या यंत्रावर काय लावावे, हे ती त्या वयात कोठून शिकणार? ज्या नादाची कानाला सवयच लागली नाही, तो नाद हजार गाण्यांच्या यादीतून कोणी हुडकून काढीत नाही. ती सवय लागण्याची वर्षे थोडी असतात, आणि ती आत्ता चालू आहेत. एवढ्याकरिता आमचे म्हणणे इतकेच की, गाण्याची कळ उद्या सकाळी कचेरीस निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांच्या हाती देऊन जावे.